बोअरचे दात

चुणचुणलं म्हणजे काम चाललंय, हा विजयमालाचा कायदा. बोरखडीत घराच्या पुढच्या खोलीत पार्लर टाकून तिला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत ह्या कायद्यानं तिला एकदाही दगा दिला नव्हता. नवरी खुर्चीत बसायची, तोंडाला ब्लीच लागायचं, दोन मिनिटांत नवरी कण्हायला लागायची, "वैनी, चुणचुणतंय गं." विजयमाला पंख्याचं बटण दाबायची आणि म्हणायची, "चुणचुणू दे. काम चाललंय." आणि खरंच, कांदे काढून काढून उन्हानं रापलेलं तोंड पुसलं की खालून उजळ निघायचं. आरशात बघून नवरी खूश व्हायची आणि खुशीत हसायची.

हसली की सगळं मुसळ केरात.

कारण बोरखडीच्या माणसाचे दात. कुणाचे पिवळे, कुणाचे विटकरीसारखे, मधेच खडू घासल्यासारखे पांढरे ठिपके, आणि म्हाताऱ्यांच्या तर कडा खवले पडून गळालेल्या. पाथर्डीच्या पुढं अर्ध्या तासावर हे गाव. स्टँडवर एखादं माणूस हसताना तोंडावर हात न्यायला लागलं की कंडक्टर न विचारता बोरखडीचं तिकीट फाडतो, असं लोक म्हणत. पोरी ओढणी लावत, बाया पदर, गडी उपरण्याचं टोक. लग्नात फोटोवाला 'हसा, हसा' म्हणाला की अख्खा मांडव ओठ आवळून उभा राहायचा, मयतीला आल्यासारखा.

बाहेरच्यांनी ठरवून टाकलं होतं की घाणेरडं गाव आहे, दात घासत नाही. असं कसं म्हणता? लिंबाची काडी झाली, राख झाली, मीठ-तेल झालं, मशेरी झाली, वीटकर घासून झाली. एवढं घासलं असतं तर तांब्याची घंगाळी सोन्याची झाली असती. मोनिका तिसरीत असताना गुरुजींनी तिला प्रार्थनेच्या वेळी पुढं बोलावलं, सगळ्या शाळेला दात दाखवायला लावले आणि म्हणाले, "असलं तोंड घेऊन वर्गात यायचं न्हाई." ती आठ वर्षांची पोर घरी येऊन इतकं घासत बसली की थुंकी लाल झाली. दात होते तसेच.

मोनिका म्हणजे विजयमालाची एकुलती एक लेक. आणि गंमत म्हणा नाहीतर दैवाची थट्टा म्हणा, विजयमालाचे स्वतःचे दात कोवळ्या मक्याच्या कणसासारखे, एकसारखे, दुधाळ. तिचं माहेर राहुरीकडचं, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा शेजारणी निमित्त काढून तिच्या तोंडाकडं बघायला यायच्या. पुढं मोनिकाला दुधाचे दात पडून पक्के दात आले, तेव्हा त्याच शेजारणी म्हणायला लागल्या, "आईचं असं आन् लेकीचं असं? बापावर गेली म्हनायची." बाप हनुमंत, टेम्पो चालवायचा. त्याचे दात चहाच्या गाळणीसारखे होते, त्यामुळं कुणाला शंका राहिली नाही.

आता मोनिका एकवीस वर्षांची. बी.कॉम. झाली, नगरला राहून टॅली शिकली. हनुमंतानं वर्षाची मुदत दिली होती, "नोकरी लागली तर लागली, न्हाईतर दिवाळीनंतर उरकून टाकू." वर्ष संपत आलं होतं. अशात सावेडीतल्या एका नव्या साड्यांच्या शोरूममधून बोलावणं आलं. मॅनेजर सुनील नावाचा, माणूस वाईट नव्हता. त्यानं हिशेब विचारला, इंग्रजी वाचून घेतलं, साडीची घडी घालून घेतली. सगळं पसंत पडलं. पण पोरीचा हात सारखा तोंडावर.

"ताई, काउंटरला उभं राहायचं म्हणजे हसावं लागतं," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी मालकीण मॅडम स्वतः बघणार आहेत. एकदा हसून दाखवा त्यांना, बाकी माझ्यावर सोडा."

मोनिका घरी आली आणि आरशासमोर बसली, त्याच आरशासमोर जिथं तिच्या आईनं निम्म्या तालुक्याच्या नवऱ्या उजळल्या होत्या. तिनं ओठ मागं ओढून दात बघितले आणि म्हणाली, "आई, सगळ्या गावाची तोंडं गोरी केलीस. माझं एवढं एक कर."

एवढं बोलली आणि विजयमाला दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं नगरला गेली.

पार्लरचं सामान ती ज्या होलसेलवाल्याकडून घ्यायची, त्या शेठनं काउंटरखालून एक डबी काढली. वर एका परदेशी बाईचे बत्तीसच्या बत्तीस दात. आत जेलची सुई नसलेली पिचकारी, प्लास्टिकचा दातांचा साचा आणि एक निळा दिवा. "लई खपतंय ताई," शेठ म्हणाला. "सात दिवसांत रिझल्ट. कोपरगाव, श्रीरामपूर, सगळ्या पार्लरवाल्या नेतात. तुम्हीच मागं राहिलात."

"डाग जुने हायेत, शेठ. लहानपणापासनं."

"जुने काय न् नवे काय. ब्लीच आहे हे, ताई. तुम्हाला ब्लीच शिकवू का मी?"

झालं! ह्याच एका वाक्यात घात होता. ब्लीच म्हटल्यावर विजयमालाला वाटलं, हे तर आपल्याच हातातलं काम.

घरी आल्यावर मोनिकानं डबीच्या मागची मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं वाचली. "दिवसातून एकदा. दहा मिनिटं. हिरड्यांना लागू देऊ नये. कळ आली तर बंद करावं." आत काय आहे, कुणी बनवलं, कुठं बनवलं, काही नव्हतं.

"दहा मिन्टांत काय होतंय?" विजयमाला म्हणाली. "ते शहरातल्या लोकांसाठी, ज्यांचे दात आधीच पांढरे हायेत. आपल्या ब्लीचच्या डब्यावर बी पंधरा मिन्टं लिहिलेलं असतंय. आपण कुठं पंधरा ठेवतो?"

साचा गरम पाण्यात मऊ करून दातावर दाबायचा होता. दाबला, पण तो कुणा राक्षसाच्या मापाचा. जेल त्यातून ओघळून हिरड्यांवर यायला लागलं. विजयमालानं साचा फेकून दिला आणि ब्लीचचा ब्रश घेतला. मोनिकाला खुर्चीत मागं रेलवली, गालात कापूस कोंबला, आणि एकेका दाताला असं हलक्या हातानं लावलं, जसं नवरीच्या भुवईला लावावं. निळा दिवा धरला. वीस मिनिटं.

पुसल्यावर दोघी आरशात वाकल्या. दात कोरडे पडले होते आणि त्यांच्यावरचे जुने पांढरे ठिपके एकदम उठून दिसत होते, ताज्या चुन्यासारखे.

"आले!" विजयमाला ओरडली. "बघ बघ, पांढरं यायला लागलं!"

मोनिकानं तोंडावर हात नेला नाही. कितीतरी वर्षांनी ती तोंड उघडं ठेवून हसली. विजयमालाला त्या वेळी कुणी सांगितलं असतं की ह्या हसण्याच्या बदल्यात एक डोळा दे, तर तिनं दिला असता.

संध्याकाळी हनुमंत टेम्पो लावून आला. लेकीचे दात बघून तो आपलेही आरशात बघायला लागला. "उरलं तर मला बी लाव गं जरा."

"तुमचे दात बघून टेम्पो चालू व्हायचा ऱ्हातोय का?" विजयमाला म्हणाली. तिघंही हसले. त्या घरात हसू पिकलं ते तेवढंच, एक संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धा तास ठेवलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. ठिपके जास्त पांढरे झाले. तपकिरी डाग मात्र हलले नाहीत, पण विजयमालाचं लक्ष पांढऱ्याकडं होतं. माणूस जे बघायचं ठरवतो तेच बघतो.

तिसऱ्या दिवशी मोनिका खुर्चीत कण्हली. "आई, चुणचुणतंय."

"चुणचुणू दे. काम चाललंय."

चौथ्या दिवशी मोनिकानं माठातलं पाणी तोंडाला लावलं आणि ग्लास हातातून सुटला. ती खाली बसली, दोन्ही हातांनी जबडा धरून. डोक्यात सुई घुसवल्यासारखी कळ, म्हणाली. बोलताना आत वारा गेला तरी कळ. तिनं ठेचा-भाकरी सोडली, दुधात कुस्करून गिळायला लागली, तेही कोमट. हिरड्या उकडलेल्या अंड्यावरच्या पापुद्र्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. विजयमालानं शेठला फोन लावला.

"सगळ्यांना होतं ताई. आतला मळ निघतोय. दोन दिवस जरा जास्त ठेवा, बसेल."

भिंतीपलीकडची रतनबाई, विजयमालाची चुलत सासू, फोन ऐकत उंबऱ्यात उभी होती. तोंडात मशेरी. "तुरटीच्या गुळण्या दे तिला," ती म्हणाली. "आन् मधीच सोडू नगंस बाई. अर्धवट काम लई वंगाळ. माझ्या नातीला, रेश्माला बी बघायला येनारेत पुढल्या आठवड्यात, हिचा गुन आला तर तिलाबी लावू."

शुक्रवारी मोनिका खुर्चीत बसायला तयार होईना. "आई, बास. नको मला नोकरी."

"सोमवार आलाय, मोने. दोन दिवस."

"आई, आग होतीय गं."

विजयमालानं डाव्या हातानं तिची हनुवटी धरली. घट्ट धरली, लहानपणी औषध पाजताना धरायची तशी, आणि उजव्या हातानं ब्रश चालवला. पोर हुंदके देत होती आणि आई घड्याळाकडं बघत होती. पाऊण तास. हे तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच.

शनिवारी सकाळी मोनिकाच्या थुंकीत रक्त आलं. हिरडीची साल निघून खालचं लाल मांस दिसत होतं. आणि दात? तपकिरी होतं ते तपकिरीच, पांढरं होतं ते आणखी पांढरं. आधी मळकट एक रंग तरी होता, आता भिंतीचा चुना जागोजाग उडाल्यासारखं सगळं चट्ट्यापट्ट्याचं. विजयमालानं डबी पिशवीत टाकली आणि लेकीला घेऊन एस्टीत बसली.

सावेडीत दातांच्या डॉक्टर अफ्रीन यांचा दवाखाना होता. तिशीची बाई, आवाज हळू. तिनं मोनिकाच्या तोंडात वारा मारण्याची नळी नेली, मोनिका उडाली, तशी नळी बाजूला ठेवून दिली. नुसत्या दिव्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हे कुणी लावलं?"

"मी," विजयमाला म्हणाली.

डॉक्टरनं डबी उलटीपालटी केली. "ह्यात औषध किती आहे, काय आहे, काहीच लिहिलेलं नाही. मी कशावरून सांगू काय लागलंय ते?"

"म्हंजे जेल खोटं?"

"सगळंच खोटं नसतं, ताई. चहाचा, तंबाखूचा डाग असेल, दात मुळात धड असतील, औषध बेतानं असेल, मापाचा साचा केलेला असेल, तर फरक पडतो. मी पण देते पेशंटला. तेव्हाही थोड्या कळा येतात, आणि काही महिन्यांनी रंग पुन्हा उतरतो. पण हिचा डाग वरून लागलेला नाहीच. दात हिरडीच्या आत तयार होत होता तेव्हाच तो बसलाय." तिनं मोनिकाकडं बघितलं. "गाव कुठलं?"

"बोरखडी."

"लहानपणी पाणी?"

"हापशाचं," विजयमाला म्हणाली. "बोअरच्या. मागं कुणीतरी साहेब लोक आले हुते, बाटल्या भरून नेल्या, आन् हापशाला लाल रंग मारून गेले. आमाला वाटलं गंज लागू नये म्हणून मारला आसंल."

डॉक्टर म्हणाली, "लाल रंग म्हणजे हे पाणी पिऊ नका, ताई."

आता बघा. बाटल्या भरायला गाडी आली, डिझेल जळालं, रंगाचा डबा आला, ब्रश आला. तोंड तेवढं कुणी आणलं नाही. 'पिऊ नका' हे दोन शब्द बोलायला सरकारचं काय जात होतं? अन् न पिऊन माणसांनी काय करायचं, हे सांगायला मग आणखी एक गाडी लागली असती म्हणा. तेवढ्यासाठीच बोलले नसतील.

पण विजयमालाजवळ अजून एक गोष्ट होती. चांगली. तिला वाटलं, ही तरी आपल्या बाजूनं जाईल.

"पण डॉक्टर, मी कच्चं पानी पाजलं न्हाई बरं का हिला. नर्सबाईनं सांगितलं तवापासनं उकळून, फडक्यातनं गाळून. निम्मं आटेस्तोवर उकळायचे. गावात फिल्टरचा प्लँट आला तवा ही बारा वर्षांची हुती. बारा वर्षं, एक दिस खाडा न्हाई. बाया हसायच्या मला, कालव्याची शानी म्हनायच्या."

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. सांगू की नको, असं तिच्या तोंडावर दिसत होतं. मोनिकानं आधीच ओळखलं असावं, कारण ती खिडकीबाहेर बघायला लागली.

"उकळून जंतू मरतात, ताई. त्यासाठी तुम्ही बरोबर केलंत. पण दाताला डाग पाडतं ते फ्लोराइड. ते मरत नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच मागं राहतं. दूध आटवलं की खवा होतो ना, तसं घट्ट होतं."

विजयमालाला पातेलं दिसलं. काळं पडलेलं, बुडाशी पांढरा थर साचलेलं, जो ती दर आठवड्याला तारेच्या घासणीनं खरवडून काढायची. रतनबाईची रेश्मा मोनिकापेक्षा वर्षभरानं लहान, त्याच हापशाचं कच्चं पाणी पिऊन वाढलेली. रेश्माचे दात पिवळट होते. मोनिकाचे विटकरी. अख्ख्या आळीच्या पोरांत मोनिकाइतके काळवंडलेले दात कुणाचे नव्हते आणि अख्ख्या आळीत पाणी उकळणारं घर एकच होतं. हे इतकी वर्षं समोर होतं. बापावर गेली, म्हणत राहिले सगळे.

"मीच," ती म्हणाली.

"असं नका म्हणू. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

पण डॉक्टरीण काहीही म्हणो, ते आता पोटात जाऊन बसलं होतं.

डॉक्टरनं मलम दिलं, कळा मारणारी पेस्ट दिली. हिरड्या भरून येतील म्हणाली, महिना लागेल. कळा हळूहळू कमी होतील. नंतर दातांचा वरचा पातळ थर घासून बघता येईल, थोडा उजळपणा येईल; नाहीतर वरून पापुद्रे बसवावे लागतील, त्याला वेळही लागतो आणि खर्चही. ते पुढं बघू. आत्ता काहीही लावायचं नाही.

"सोमवारी हिला हसायचंय," विजयमाला म्हणाली.

"सोमवारपर्यंत मी काही करू शकत नाही, ताई. कुणीच नाही करू शकत."

परतीच्या एस्टीत मोनिका खिडकीशी, रुमालानं तोंड बांधून. वाऱ्याचा दातांना त्रास नको म्हणून काच बंद. भिंगार मागं पडलं, मेहेकरीचा घाट आला. विजयमालाला काहीतरी बोलायचं होतं, आणि काय बोलावं कळेना म्हणून ती लेकीकडं बघून जराशी हसली. केविलवाणं, आईलोक हसतात तसं.

मोनिकानं रुमाल खाली घेतला. "आई," ती सावकाश म्हणाली, प्रत्येक शब्दाला कळ सोसत. "थोडे दिवस माझ्यापुढं हसू नको."

रागानं म्हणाली नव्हती. पाणी दे, म्हणावं तसं म्हणाली. विजयमालानं ओठ मिटले ते मिटले.

सोमवारी दोघी शोरूमला गेल्या. जायचं नाही असं विजयमालानं सांगून बघितलं, पण मोनिका म्हणाली, सुनील सरांना शब्द दिलाय. आत पाऊल टाकलं आणि एसीचा गार झोत अंगावर आला. मोनिकानं ओठ घट्ट दाबले. साड्या नेसवलेल्या चार बाहुल्या दारात उभ्या, चौघींचे दात पांढरे. मॅडम गादीवर बसल्या होत्या, चष्मा कपाळावर, बोलायला मोकळ्या.

"ये गं. सुनीलनं लई कौतुक केलंय तुझं. हास बघू जरा."

मोनिका हसली. ओठांच्या आड लपवून नाही, पूर्ण हसली, जणू हिशेब एकदाचा संपवून टाकायचाय. गार वारा उघड्या दातांवर बसला आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. तरी ती हसतच उभी. कुणीतरी मान मुरगळावी आणि वर फोटोही काढावा, तसलं ते हसू.

"अगं, रडतेस कशाला? मी काही बोलले का?" मॅडम घाबरल्या. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि नीट बघितलं. "अगं बाई. गुटखा बिटखा खातेस का?"

"नाही मॅडम. पाण्यानं झालेत."

"पाण्यानं कुठं असं होतंय?" मॅडमनी मागं उभ्या असलेल्या विजयमालाकडं बघितलं. "ह्या कोण?"

"आई."

"तुम्ही बोला की मग. असं झालं कसं पोरीचं?"

विजयमाला बोलायला गेली, तेवढ्यात मॅडमच म्हणाल्या, "बघ, आईचे दात बघ किती सुंदर. आईकडून शिकायचं नाही का गं?"

विजयमालाचा हात आपोआप वर गेला आणि पदर तोंडावर आला. एकवीस-बावीस वर्षं त्या गावात नांदून जे तिला कधी करावं लागलं नव्हतं, ते झालं.

मॅडम दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या. त्या म्हणाल्या, पोरगी हुशार आहे, वाया कशाला घालवायची, वर गोडाऊनला माणूस हवंय. घड्या घालायच्या, लेबलं लावायची, कॉम्प्युटरला नोंद करायची. गिऱ्हाइकाचा संबंध नाही. पगार काउंटरपेक्षा कमी.

"करते," मोनिका म्हणाली.

जिन्यात विजयमालानं तिचा दंड धरला. "चल घरी. गोडाऊनमधी लपवून ठेवायला शिकवलं न्हाई तुला. मी बोलते तुझ्या पप्पांशी."

"राहू दे आई." मोनिकानं हात सोडवून घेतला, हळूच. "वर एसी नाही. कळ तरी येणार नाही." आणि ती जिना चढून गेली.

बोरखडीत बातमी विजयमालाच्या आधी पोचली. सुनीलनं हनुमंताला फोन करून सांगितलं होतं, 'कामाला ठेवून घेतलं.' हनुमंतानं चौकात पेढे वाटले. कुठल्या मजल्यावर ठेवलं, हे त्यानं विचारलं नव्हतं आणि फोनवाल्यानं सांगितलं नव्हतं. गावाला एवढंच दिसलं की बोरखडीची पोर सावेडीच्या शोरूमला लागली, आणि लागायच्या आधी आठ दिवस तिची आई तिच्या दातांना काहीतरी लावत होती.

दुसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या. विजयमाला एकेकीला खुर्चीत बसवून सांगत होती. डबीत काय आहे लिहिलेलं नाही. हिरड्या सोलून निघाल्या. पोर गोडाऊनला आहे. हा डाग वरून जात नाही, तो हापशाचा आहे, लाल रंगाचा अर्थ हा होता. बाया ऐकून घेत आणि एकमेकींकडं बघत.

रतनबाई तर पेढे आणावेत तशी तसलीच डबी हातात घेऊन आली. नगरला नातवाला पाठवून मागवली होती. "शेठ म्हनला, बोरखडीच्या विजयमालाताईंनी नेलंय, त्यांनाच इचारा. घे, रेश्माला लाव. रविवारी पावणे येत्यात."

"काकू, पाया पडते. नका लावू. मोनिकाचं तोंड सोललंय."

"सोललं म्हनून शोरूमला ठेवली व्हय?"

"गोडाऊनला ठेवलीय! वर! तोंड दिसू नये म्हणून!"

"आसं." रतनबाईनं डबी पदराखाली घेतली. "आपल्या लेकीचं काम झालं, आता दुसरीचं हुऊ नये. तुजं बरं हाय बाई, तुजे जन्माचे पांढरे. कालव्याचं पानी. तुला काय ठावं तोंडावर हात ठिवून जगनं काय असतंय?"

विजयमालाजवळ ह्याला उत्तर होतं. पण ते बोलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडलं की रतनबाईला दात दिसले असते. पांढरेशुभ्र, एकसारखे. त्या दातांमधून निघालेला कुठला शब्द ह्या गावात खरा धरला असता?

दुपारी तिनं पार्लरची खुर्ची पुसली. ब्रश धुतले. ब्लीचचा डबा मागचं वाचायला घेतला आणि पंधरा मिनिटांच्या पुढचंही, अकरा वर्षांत पहिल्यांदाच, शेवटपर्यंत वाचलं. मग भिंतीपलीकडून रेश्माचा आवाज आला.

"आजी, चुणचुणतंय गं."

"चुणचुणू दे," रतनबाईचा आवाज. "काम चाललंय."

विजयमाला तशीच अनवाणी धावत शेजारच्या दारात गेली. रेश्मा पाटावर बसली होती, तोंड वर करून, हिरड्यांवरून जेल ओघळलेलं. रतनबाईनं फडक्यानं दात पुसले, पोरीचं तोंड उजेडाकडं फिरवलं आणि उंबऱ्यातल्या विजयमालाला बघून भांडण विसरून हाताला धरून आत ओढलं. म्हातारीचे डोळे आनंदानं भरले होते.

"ये, ये. बघ गं विजे! आले बघ! पांढरं यायला लागलं!"